गेममध्ये दाखवले म्हणजे शिकवले?

व्हिडिओ गेममध्ये हिंसा, मानवी तस्करी, युद्ध, धर्म किंवा जात असा विषय आला की खेळणारे मूल तेच शिकते, हा समज महाराष्ट्रात खोल रुतलेला आहे. रत्नागिरीतल्या पालकसभेत आणि मुंबईच्या विधान भवनात तो सारख्याच खात्रीने मांडला जातो. त्याचाच जोडसमज असा, की गंभीर सामाजिक प्रश्न गेममध्ये आणला की त्याचा पोरखेळ होतो. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. पडद्यावर काय दिसते एवढेच पाहिले जाते. खेळणाऱ्याच्या कोणत्या कृतीला गेम बक्षीस देतो आणि कोणत्या कृतीची किंमत वसूल करतो, हे कोणी पाहत नाही.

या समजाने महाराष्ट्रात काय केले, हे 2017 च्या ‘ब्लू व्हेल’ प्रकरणात दिसले. जुलैअखेर अंधेरीत एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि त्याचा संबंध या नावाशी जोडला गेला. पावसाळी अधिवेशन चालू होते; विधिमंडळात बंदीची मागणी झाली. ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आदी कंपन्यांना या ‘गेम’चे दुवे काढून टाकायला सांगितले. पण काढून टाकण्यासारखा गेम मुळात नव्हताच. रशियातून पसरलेल्या या गोष्टीत डाउनलोड करायचे अ‍ॅप नव्हते, गुण नव्हते, खेळाच्या पातळ्याही नव्हत्या. समाजमाध्यमांवरच्या बंद गटांत कोणी अनोळखी माणूस एकाकी मुलांना 50 दिवस कामे देतो, असे तिचे वर्णन होते. पुढे केंद्राने नेमलेल्या समितीने संबंधित घटनांमधील उपकरणे, इंटरनेटचा वापर, कॉलच्या नोंदी आणि न्यायवैद्यक पुरावे तपासले. वाचलेल्या मुलांशीही ती बोलली. चंद्रपूरचे तत्कालीन खासदार आणि केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी जानेवारी 2018 मध्ये लोकसभेत निष्कर्ष सांगितला: एकाही घटनेत ब्लू व्हेलचा सहभाग सिद्ध झालेला नाही. बंदीची मागणी घरोघरी पोचली होती, हे उत्तर मात्र पोचले नाही, आणि आजही पालकांना पुराव्यादाखल ब्लू व्हेलच सांगितला जातो. यातले नुकसान खरे आहे. गेमचे नाव हाती लागले की मुलाची निराशा, एकटेपणा, घरातले किंवा शाळेतले ताण यांची चौकशी तिथेच थांबते.

संशोधन काय सांगते, हेही नेमके वाचायला हवे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना एकेकाळी या बाबतीत कडक भूमिका घेत असे. 2020 च्या ठरावात तिने स्पष्ट केले, की हिंसक गेम आणि आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्यात छोटासा संबंध आढळतो. परंतु गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणण्यास पुरेसा शास्त्रीय पुरावा नाही. 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी 14 ते 15 वर्षांच्या 1,004 ब्रिटिश मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणता गेम हिंसक हे त्यांनी मुलांना न विचारता अधिकृत वयश्रेणीवरून ठरवले, मुलांच्या आक्रमकपणाचे मूल्यमापन पालकांकडून करून घेतले आणि विश्लेषणाची पद्धत आधीच जाहीर केली. हिंसक गेम खेळणे आणि आक्रमकपणा यांत त्यांना संबंध आढळला नाही. ‘गेमचा मुलांवर काहीच परिणाम होत नाही’ असा याचा अर्थ नाही. झोप, अभ्यास आणि पैसा यांवर परिणाम होतोच. पण ‘बंदूक पाहिली म्हणून बंदूक उचलली’ हे सरळ समीकरण टिकत नाही.

मग गेम काही सांगतो तरी कसे? नियमांतून. 2002 मध्ये अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या गटाने ‘एथनिक क्लेन्सिंग’ नावाचा गेम काढला. त्यात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि ज्यू माणसांना मारणे हेच जिंकणे होते. 2014 मध्ये पोलंडच्या 11 बिट स्टुडिओजने ‘धिस वॉर ऑफ माइन’ काढला. मारामारी त्यातही आहे, पण खेळणारा सैनिक नसून वेढा पडलेल्या शहरातला सामान्य नागरिक आहे. त्यामागे 1990 च्या दशकातल्या सारायेव्होच्या वेढ्याचा अनुभव आहे. एका असहाय वृद्ध जोडप्याचे अन्न चोरून आपली माणसे जगवता येतात, पण चोरी करून परतलेली व्यक्ती खचते, आणि हे खचणे लगेच जात नाही. पोलंडच्या सरकारने 2020 मध्ये हा गेम शाळांच्या शिफारस यादीत घेतला. दोन्ही गेममध्ये माणसे मरतात. एक द्वेष पेरतो, दुसरा युद्धाचा भार खांद्यावर ठेवतो. ‘हिंसा आहे’ या एकाच शेऱ्याने दोन्ही निकालात काढणारा माणूस विषय पाहतो आणि गेमचे म्हणणे सोडून देतो.

भारतातही असे काम झाले आहे. कोलकात्याच्या कलाकार लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने 2016 मध्ये आलेल्या ‘मिसिंग’मध्ये खेळणारा तस्करीत अडकलेल्या मुलीच्या जागी असतो. सुटकेचे मार्ग किती कमी आहेत, हे त्याला प्रत्येक निर्णयाला कळत जाते.

वादग्रस्त स्थानिक प्रश्न गेममध्ये कसा मांडता येईल, हे समजून घ्यायला रत्नागिरी जिल्ह्यातल्याच नियोजित रिफायनरीचा वाद घेता येतो. नाणारला विरोध झाल्यावर 2019 मध्ये तिथली अधिसूचना रद्द झाली. नंतर प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यातल्याच बारसूचे नाव पुढे आले आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाला विरोध करताना गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. बारसूच्या ज्या सड्यावर हे परीक्षण चालले होते, तिथली कातळशिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. यावर गेम करताना एका बाजूला खलनायक ठरवून त्याच्यावर दगड मारायला लावले, तर ती घोषणाबाजी होईल. त्याऐवजी एकाच गावातला आंबा बागायतदार, मच्छीमार, मुंबईतला चाकरमानी, नोकरीच्या आशेवरचा तरुण आणि सरपंच या भूमिका आळीपाळीने खेळायला दिल्या आणि जमीन विकली तर हातात काय येते, न विकता शेजाऱ्याने विकली तर काय होते, पाण्याचे आणि मासळीचे काय होते, हे नियमांत बसवले, तर खेळणाऱ्याला दोन्हीकडची गणिते स्वतः करावी लागतील. भाषणात किंवा बातमीत वाचकाला एक बाजू ऐकून उठता येते. इथे दुसऱ्या बाजूने डाव खेळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. विषयाचा पोरखेळ होतो असे म्हणणाऱ्यांनी गेमची ही ताकद लक्षात घेतलेली नाही.

याचा अर्थ आक्षेप घेणे चूक असा नाही. 2002 च्या ‘हिटमॅन 2’मध्ये गुरुद्वारासारख्या दिसणाऱ्या वास्तूत हत्येचा प्रसंग होता. शीख संघटनांनी आक्षेप घेतला आणि कंपनीला तो भाग बदलावा लागला. तिथे धर्मावर काही म्हणायचे नव्हतेच. श्रद्धास्थान केवळ रंगीत नेपथ्य म्हणून वापरले होते. एखाद्या समाजाचे जगणे असे सजावटीपुरते वापरणे हा हाताळणीतला दोष आहे आणि तो दाखवून देणे रास्त आहे.

काही छोटे गैरसमज. ‘पबजीवर हिंसेमुळे बंदी आली’: 2 सप्टेंबर 2020 रोजी 118 अ‍ॅपवर आलेली ती बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली, देशाची सुरक्षितता आणि सार्वभौमत्व या कारणांसाठी होती. ‘रमी काय आणि पबजी काय, सगळे सारखेच’: 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली, कायद्यासाठी हे दोन वेगळे प्रकार आहेत. ‘जास्त खेळतो म्हणजे आजारीच’: जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तासांची मोजणी नाही, खेळण्यावरचा ताबा सुटून रोजचे जगणे सहसा किमान 12 महिने विस्कळीत राहिले, तरच निदान होते. ‘गेम मुलांसाठीच असतात’: प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमच्या नावाजवळ 3+ ते 18+ अशी वयश्रेणी छापलेली असते, आणि तस्करी किंवा युद्ध दाखवणारे अनेक गेम मोठ्यांसाठीच असतात.

‘खेळात राजकारण आणायचे हे नवेच फॅड’ हा समजही खोटा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत कोकणातल्या घरांत मांडला जाणारा ‘व्यापार’ हा ‘मोनोपॉली’चा भारतीय अवतार, आणि ‘मोनोपॉली’चे मूळ आहे अमेरिकेच्या एलिझाबेथ मॅगी यांनी 1904 मध्ये पेटंट घेतलेल्या ‘द लँडलॉर्ड्स गेम’मध्ये. जमीनमालक भाडे उकळून इतरांना कसे कंगाल करतात, हे दाखवण्यासाठीच त्यांनी तो बनवला होता. पुढे त्यांनी त्याला दोन नियमावल्या दिल्या: एकीत मक्तेदार जिंकतो, दुसरीत निर्माण झालेल्या संपत्तीचा वाटा सर्वांना मिळतो. बाजारात पहिलीच चालली.