शरीरातील वंगणपिशव्या : भांगलणीच्या दिवसांत घ्यावयाची काळजी

बैलाच्या खांद्याला सूज आली की जाणता शेतकरी त्या दिवशी त्यास जुवाला जुंपीत नाही. जू घासते आहे हे तो ओळखतो, जू तपासतो आणि खांदा बरा होईपर्यंत बैलास विसावा देतो. परंतु स्वतःच्या किंवा घरच्या बाईमाणसाच्या गुडघ्यावर लिंबाएवढी गाठ आली, तरी भांगलणीची पात सोडली जात नाही. जनावरास लावलेला न्याय आपण स्वतःच्या देहास लावीत नाही. ही गाठ कशाची, ती का येते, हे ठाऊक नसणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. ते समजावून देण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

वंगणपिशवी म्हणजे काय?

गाडीच्या आसाला वंगण नसेल तर चाक कुरकुरते व आस झिजतो. आपल्या शरीरातही हाडावरून कातडी, स्नायू आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, दिवसभर सरकत असतात. जेथे असे घर्षण अधिक, तेथे निसर्गाने लहान, चपट्या पिशव्या ठेवल्या आहेत. शरीरशास्त्रात त्यांना ‘बर्सा’ म्हणतात. बर्सा या लॅटिन शब्दाचा अर्थ पिशवी असाच आहे. आपण त्यांना वंगणपिशव्या म्हणू.

या पिशवीच्या आतील अस्तरातून चिकट, बुळबुळीत द्रव पाझरतो. निरोगी पिशवीत तो अगदी थोडा, आतील पृष्ठभाग ओले राहण्यापुरताच असतो. त्यामुळे पिशवीचे दोन पदर एकमेकांवरून अलगद सरकतात आणि वरच्या कातडीस किंवा कंडरेस हाडाची घास लागत नाही. माणसाच्या शरीरात अशा सुमारे दीडशे पिशव्या असतात. एकट्या गुडघ्याभोवतीच त्या दहा-अकरा आहेत. एडिंबरो येथील शरीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी 1788 साली या पिशव्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

काही पिशव्या खोल असतात. खांद्याच्या हाडाच्या छपराखाली असलेली मोठी पिशवी हात वर उचलताना कंडरेचे रक्षण करते. काही पिशव्या मात्र कातडीच्या लगत, गुडघ्याच्या वाटीवर व कोपराच्या टोकावर असतात. कोपरावरील पिशवी जन्मतः नसते. मूल कोपर टेकू लागते, हालचाल वाढते, तशी ती तयार होते. इतकेच नव्हे, तर जेथे मुळात पिशवी नाही अशा जागी सतत दाब पडल्यास शरीर तेथे नवी पिशवी घडविते. वर्षानुवर्षे मांडी घालून काम करणाऱ्यांच्या घोट्याच्या बाहेरील हाडावर अशी पिशवी झालेली दिसते. म्हणजे वंगणपिशवी ही श्रमास शरीराने दिलेले उत्तर होय.

पिशवी का सुजते?

सोसण्यास मर्यादा असते. दाब व घर्षण फार झाले की अस्तर चिडते, द्रव अधिक पाझरतो आणि पिशवी फुगते. इंग्लंडात गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या मोलकरणींच्या, तसेच कोळशाच्या खाणीतील मजुरांच्या नावाने हे विकार ओळखले गेले. कठीण बाकावर बसून काम करणाऱ्या विणकरांच्या बैठकीच्या हाडाखालील पिशवी सुजे. आपल्याकडे एक गुडघा जमिनीस टेकून खुरपणी करणाऱ्या स्त्रिया, कठीण आसनावर दिवसभर ट्रॅक्टर चालविणारे आणि हात सतत डोक्यावर नेऊन फळे तोडणारे मजूर यांस हाच त्रास संभवतो.

वाटीवरील पिशवी सुजली असता गाठ वाटीच्या पुढे, कातडीखालीच लागते, आणि सांधा बहुधा बऱ्यापैकी हलविता येतो. खांद्याची पिशवी सुजली असता हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात विशेष कळ येते.

सर्वांत मोठा धोका

नुसत्या दाबाने आलेली सूज विसाव्याने बहुधा काही आठवड्यांत ओसरते. खरा धोका जंतूंचा आहे. पिशवी कातडीच्या लगत असल्याने बाभळीचा काटा, खडा किंवा खुरप्याची जखम यांतून जंतू आत शिरतात व पिशवीत पू होतो.

मागे एका गावी प्रात्यक्षिकासाठी गेलो असता एका शेतकऱ्याने मला आपले कोपर दाखविले. गाठ दुखत नव्हती, केवळ अडचण होत होती. म्हणून त्याने ती तापविलेल्या सुईने घरीच फोडली होती. पाणी निघाले, बरे वाटले. तिसऱ्या दिवशी मात्र हात लालभडक होऊन ताप भरला. दवाखान्यात पू काढावा लागला आणि ऐन पेरणीचे दिवस खाटेवर गेले. शरीराने घर्षणाविरुद्ध उभारलेली भिंत त्याने आपल्याच हाताने फोडली होती.

काय करावे?

1. गाठ दिसताच त्या जागेवरील दाब बंद करावा. गुडघा टेकण्याचे काम काही दिवस दुसऱ्याकडे द्यावे.

2. थंड पाण्याची घडी दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटे ठेवावी.

3. गाठ फोडू नये, दाबून रगडू नये, डाग देऊ नये.

4. जागा लाल व गरम झाली, ठणका लागला, ताप आला किंवा जवळ जखम असली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी मुळीच थांबू नये. वेळीच औषध मिळाल्यास हा विकार बरा होतो.

5. खुरपणीस बसताना गोणपाटाच्या चार-पाच घड्या करून गुडघ्याखाली घ्याव्यात. आत भाताचा पेंढा भरून शिवल्यास अधिक बरे. दर अर्ध्या तासाने गुडघा बदलावा.

6. ओळीत पेरलेल्या पिकात शक्य तेथे उभ्याने चालविता येणारे हातकोळपे वापरावे. त्यामुळे बसून करावयाची खुरपणी ओळीतील तणापुरतीच उरते.

जनावरांविषयी इशारा

गाई-म्हशींच्या पुढील गुडघ्यावरही अशी मऊ गाठ येते. कठीण जमिनीवर उठण्याबसण्याने ती येऊ शकते. परंतु सांसर्गिक गर्भपाताच्या रोगातही ती दिसते आणि तिच्यातील पाण्यात त्या रोगाचे जंतू असू शकतात. हा रोग माणसासही होतो. सबब अशी गाठ स्वतः कधीही फोडू नये. पशुवैद्यकास दाखवावी व गोठ्यात जमिनीवर पेंढ्याचे अंथरूण करावे.

शेतकरी बंधू-भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे की, गुडघ्यावरची गाठ हा शरीराने दिलेला निरोप आहे. बैलाच्या खांद्याचा निरोप आपण ऐकतो आणि जू उतरवितो. तीच दया आपल्या गुडघ्यावर करावी. चार दिवसांचा विसावा वेळीच घेतला, तर पुढचा सारा हंगाम हाती राहतो.