हुमणीच्या मोजक्या संध्याकाळी

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या रानाला भेगा पडतात आणि शिवारात किडा-मुंगी उरली नाही असे वाटते. प्रत्यक्षात हुमणीचे भुंगे पायाखालीच असतात. कोषातून बाहेर पडूनही, पंख फुटूनही ते मातीत निपचित पडून राहतात. त्यांना हवा असतो वळवाचा एक चांगला पाऊस.

तो पडला की दिवस मावळताच भुंगे जमिनीतून वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. तिथेच नर-मादीचे मीलन होते. रात्रभर पाला खाऊन उजाडायच्या आत ते पुन्हा मातीत शिरतात. पुढे मादी जमिनीत अंडी घालते. वर्षाला पिढी एकच, पण पावसाळाभर अळी मुळांवरच जगते. भीमेवरच्या उजनी धरणाने या कोरड्या जिल्ह्यात ऊस आणला, आणि हुमणीलाही भरल्या ताटावर बसवले. ऑगस्ट-सप्टेंबरात उसाचे बेट पिवळे पडते. ओढले तर सहज हातात येते, कारण खाली मुळेच नसतात.

पाऊस सरताना पाळी येते रब्बी ज्वारीची. 1930च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी 35-1 आजही इथल्या रानात आहे. रोप कोवळे असताना, पहिल्या महिनाभरातच, खोडमाशी पानाखाली अंडी घालते. अळी पोंग्यात शिरते आणि पोंगा वाळतो. रोप थोराड झाले की तिचा जोर संपतो. म्हणून इथे पेरणीच्या तारखेला औषधाइतकेच मोल आहे. थंडीत मावा वाढतो, त्याच्या गोड स्रावाने पाने चिकट होतात. शेतकरी म्हणतात, ‘चिकटा पडला’. त्याने कणसाबरोबर कडब्याचेही नुकसान होते.

या सगळ्यांत हुमणीचा बंदोबस्त सर्वांत स्वस्त आहे, पण वेळेवर केला तरच. अळी मुळाशी पोहोचल्यावर तिला गाठणे महागात पडते. भुंगा मात्र झाडावर आयता सापडतो. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी फांद्या हलवून भुंगे गोळा करावेत, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, प्रकाश सापळे लावावेत. भुंग्याला बांध ठाऊक नसतो. एकट्याने केलेले काम शेजारच्या रानामुळे वाया जाते, तेव्हा हे साऱ्या गावाने मिळून, एकाच वेळी करावे.