जीबीएसचं महागडं इंजेक्शन : डॉक्टरांना काय विचारायचं?

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले आणि ‘आयव्हीआयजी’ हे नाव घरोघरी पोहोचलं. आधी जुलाब, मग पायांना मुंग्या, मग हातापायांतली ताकदच जाते. घरचे लोक पैशांसाठी धावतात. हे औषध आहे तरी काय, हेही माहीत असावं असं आम्हाला वाटतं.

हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून अँटिबॉडी वेगळ्या काढून ते बनतं, म्हणून महाग. बनवताना विषाणू निष्प्रभ केले जातात, त्यामुळे एचआयव्ही किंवा काविळीची भीती आज फारच कमी आहे. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते; या अँटिबॉडी तो हल्ला आवरतात.

डोस वजनावर ठरतो. किलोमागे एकूण 2 ग्रॅम, बहुधा 5 दिवसांत विभागून. 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या! बिल कुठून वाढतं ते इथे कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत दिलं तर फायदा. पण प्लाझ्मा बदलण्याचा उपचारही तितकाच गुणकारी आहे, आणि आपल्याकडे बऱ्याचदा स्वस्त पडतो. तो होईल का, हे बिनधास्त विचारा. लगेच फरक दिसला नाही म्हणून दुसऱ्या कोर्सचा हट्टही धरू नका. गंभीर रुग्णांवरच्या 2021 च्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही, उलट त्रास वाढला.

लहान मुलांच्या कावासाकी आजारात हेच औषध 10 दिवसांच्या आत दिलं तर हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचतात. त्यानंतर गोवर आणि कांजिण्यांची लस मात्र 11 महिने पुढे ढकलावी लागते. लसीकरणाच्या कार्डावर तसं लिहून घ्या.

डोकेदुखी, ताप, थंडी वाजणं हे त्रास नेहमीचे. ड्रिपचा वेग कमी केला की बहुतेक वेळा थांबतात. म्हणून ‘जरा लवकर संपवा’ असं नर्सला म्हणू नये. खरा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा आणि किडनीचा. वयस्कर माणूस, शुगर, आधीचा हार्टचा आजार असेल तर आधीच सांगा. शरीरात पाणी पुरेसं हवं, त्यामुळे उपचार चालू असताना रोजा नको. बीमार माणसाला नंतर कजा करण्याची सवलत आहेच. छातीत दुखलं, दम लागला, एक पाय सुजला किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

शुगरवाल्यांसाठी अजून एक. काही कंपन्यांच्या औषधात माल्टोज असतं, त्यामुळे काही ग्लुकोमीटर शुगर खोटी जास्त दाखवतात. तो आकडा बघून इन्सुलिन वाढवलं तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी शुगर लॅबमधूनच तपासून घ्या.