गळकें घर आणि कंत्राटदार

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण घरोघरीं ऐकूं येते. परंतु तिचा खरा अर्थ कळतो तो घर बांधून झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यांत. वैशाखांत ज्या भिंतींचें पाहुण्यांनीं कौतुक केलें, त्याच भिंतींवर आषाढांत ओलीचे नकाशे उमटूं लागतात. देवघराच्या कोपऱ्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात, न्हाणीघरांतील पाणी मोरीकडे जाण्याऐवजीं उंबऱ्याकडे येतें, आणि नव्या फरशीवर पाऊल टाकतां पोकळ आवाज निघतो. मग कंत्राटदारास निरोप पाठविण्यांत आठवडे जातात. ‘उद्यां माणूस पाठवितों’ हें उत्तर मिळतें आणि तो उद्यां कांहीं उगवत नाहीं. आयुष्याची पुंजी जेथें ओतली तेंच घर मनस्तापाचें कारण होऊन बसतें. अशा प्रसंगीं गृहस्थानें कोणत्या क्रमानें पावलें टाकावींत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा तंटा आजचा नव्हे. सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीं बाबिलोनचा राजा हम्मुराबी यानें जे निर्बंध दगडावर कोरविले, त्यांत घर बांधणाऱ्यासंबंधानें स्वतंत्र कलमें आहेत. घर कोसळून मालक दगावल्यास बांधणाऱ्यास देहान्त शासन सांगणारें कलम पुष्कळांस ठाऊक असतें; परंतु त्याच्या जवळचेंच दुसरें कलम अधिक व्यवहारी आहे. भिंत कच्ची निघाली तर बांधणाऱ्यानें ती स्वतःच्या खर्चानें पक्की करून द्यावी, असें तें सांगतें. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांच्या लबाडीपासून लोकांचें रक्षण करण्याच्या प्रकरणानें होतो. सांगितल्याहून निराळें काम करणाऱ्याचें वेतन बुडावें आणि वर त्याच्या दुप्पट दंड व्हावा, असा तेथें नियम आहे. म्हणजे बिघडलेलें काम दुरुस्त करून मागणें ही याचना नव्हे, तो हक्क आहे. मात्र हक्क असणें निराळें आणि तो पदरांत पाडून घेणें निराळें. त्याला संतापापेक्षां शिस्त अधिक उपयोगी पडते.

दोष कोणाचा?

तक्रार करण्यापूर्वीं दोष कामाचा आहे, मालाचा आहे, कीं आपल्याच घाईचा आहे, हें निःपक्षपातानें पाहावें. सिमेंट वाळून घट्ट होतें ही समजूत चुकीची आहे. तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. म्हणून काँक्रीट घातल्यावर तें ओलें ठेवावें लागतें. साध्या सिमेंटास किमान ७ दिवस, आणि मिश्र सिमेंट असल्यास किंवा हवा उष्ण व कोरडी असल्यास किमान १० दिवस पाणी मारीत राहावें, असा दंडक भारतीय मानक ४५६ (सन २०००) यांत घालून दिला आहे. गिलाव्यासही असेंच पाणी लागतें, आणि रंगापूर्वीं पुरतें सुकणेंही लागतें. आपण मात्र अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून बसतों, भिंत आंतून ओली असतांनाच रंगाऱ्यास बोलावतों, आणि पापुद्रे सुटले कीं गवंड्याच्या नांवानें बोटें मोडतों.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. आजोबा एक सांगतात, धाकटे काका दुसरें. वहिनी स्वयंपाकघराचा ओटा हातभर लांबवावयास सांगतात, आणि पुण्याहून सुटींत आलेले दादा मोरीची जागाच बदलतात. पुढें कांहीं बिघडलें कीं ‘तुमच्याच घरांतून सांगितलें होतें’ हें कंत्राटदाराचें उत्तर तयार असतें, आणि तें अगदींच खोटें नसतें. त्या उत्तरानें घरांतल्या घरांत जीं भांडणें लागतात, तीं गळतीहून अधिक नुकसान करतात. यासाठीं कंत्राटदाराशीं बोलणारें माणूस एकच असावें, आणि प्रत्येक बदल तारीख व खर्च घालून एका वहींत लिहून त्याखालीं दोघांच्या सह्या असाव्या. घरांत विचारविनिमय दहा जणांनीं करावा. बाहेर तोंड एकच असावें.

पाहणी आणि पुरावा

पाणी जेथें दिसतें तेथेंच तें शिरतें असें नाहीं. स्लॅबच्या पोटांतून तें दूरवर जाऊन भलत्याच ठिकाणीं ठिबकतें. न्हाणीघराच्या खालीं ओल येत असेल तर मोरीचें तोंड बंद करून जमिनीवर दोन बोटें पाणी २४ तास साठवून ठेवावें. खालीं ओल वाढली तर दोष जमिनीचा किंवा तिच्या सांध्यांचा आहे. न वाढली तर नळांकडे नजर वळवावी. गच्चीवर पावसानंतर पाणी कोठें साचून राहतें तेथें खडूनें रेघ ओढून ठेवावी. गच्चीचा ढाळ पन्हाळीकडे साधारणतः शंभर फुटांस एक फूट, म्हणजे दहा फुटांस सव्वा इंच असावा. तो पाणसळीनें कोणासही मोजतां येतो. फरशीवर लांकडी मुठीनें हलकेच ठोकून पाहावें. पोकळ आवाज आला तर खालीं माल नीट बसलेला नाहीं.

भिंतीच्या भेगेसंबंधानें घाबरून जाऊं नये आणि डोळेझांकही करूं नये. भेगेच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीची खूण करून तारीख घालावी, आणि तिच्यावर आडवी कांचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस घट्ट चिकटवून ठेवावी. कांही आठवड्यांनीं पट्टी तडकली तर भेग अजून वाढत आहे असें समजावें. मात्र तुळईस किंवा खांबास भेग पडली असेल, अथवा काँक्रीट सुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर कांचेची वाट न पाहतां त्याच दिवशीं बांधकाम-अभियंत्यास बोलवावें. तेथें प्रश्न पैशाचा नसून जिवाचा असतो.

जें दिसेल त्याचीं छायाचित्रें घ्यावींत आणि प्रत्येकांत मोजपट्टी ठेवावी, म्हणजे ओल किती व कशी पसरली याविषयीं वाद राहत नाहीं. घरांतील ओल सर्वांआधीं दिसते ती घर झाडणाऱ्या-पुसणाऱ्यांस. तेव्हां ही नोंदवही त्यांच्याच हातीं असलेली बरी. त्यानंतर एखाद्या तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय घ्यावा. येथें एक सावधगिरी हवी: जो माणूस पुढें दुरुस्तीचें काम मिळविण्यास उत्सुक आहे, त्याचा अभिप्राय घेऊं नये. त्यास सर्वच उखडून टाकण्याजोगें दिसतें.

पत्र कसें लिहावें?

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोंच मिळेल अशा रीतीनें टपालानें पत्र पाठवावें आणि मोबाइलवरील संदेशही जपून ठेवावे. पत्रांत विशेषणें नसावींत, आंकडे असावेत. ‘तुम्हीं आमची घोर फसवणूक केली’ या वाक्यास उत्तर म्हणून दुसरी शिवीच येते. त्याऐवजीं असें लिहावें: ‘गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत १० जूनपासून ओल येत आहे. आज ती ६ फूट लांब व २ फूट रुंद आहे. करारांत गळतीची ५ वर्षांची हमी आहे. आपण १५ दिवसांत येऊन पाहणी करावी व दुरुस्तीचा दिवस लेखी कळवावा.’ दोष, करारांतील कलम, मागणी आणि मुदत, या चार गोष्टी पत्रांत आल्या कीं पुढें कोणत्याही पंचापुढें तें पत्र आपली बाजू आपणच मांडतें.

कंत्राटदारास प्रथम संधि दिल्यावांचून दुसऱ्याकडून काम उखडूं नये. उखडलें कीं पुरावाही उखडला जातो, आणि ‘मला विचारलें असतें तर फुकट करून दिलें असतें’ असें म्हणावयास तो मोकळा होतो. मात्र नुकसान वाढूं न देणें हें आपलें काम आहे. ताडपत्री घालणें, नळ बंद करणें, अंथरुणें-पुस्तकें हलविणें हें करावेंच. त्याचा खर्च टिपून ठेवावा.

राहिला प्रश्न पैशांचा. सर्व हिशेब चुकता झाला कीं कंत्राटदाराचें लक्ष नव्या कामाकडे लागतें. हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून एकूण रकमेचा ५ ते १० टक्के भाग एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारांतच घालावी. परंतु एका कोपऱ्यांतील गळतीसाठीं सर्वच पैसे अडवून ठेवणें न्यायाचें नाहीं. त्या पैशांत उन्हांत राबलेल्या बिगाऱ्यांची मजुरी असते, आणि अशा अडवणुकीनें आपली खरी बाजूही लंगडी पडते.

समोरासमोर

पत्र पोंचल्यावर बहुतेक कंत्राटदार येतात. त्या भेटींत काय घडतें यावर पुष्कळ अवलंबून असतें. कल्पना करा, घरांतील वडील माणूस आणि कंत्राटदार गच्चीवर उभे आहेत.

“काका, यंदा पाऊसच फार झाला. आमचा इलाज काय?”

“पाऊस अडवावयास म्हणूनच गच्ची बांधली, शेठ. पण तें राहूं द्या. पन्हाळीकडे ढाळ किती आहे तो आपण दोघे मिळून मोजूं, आणि मग चहा घेतां घेतां बोलूं.”

येथें आरोप झाला नाहीं, पण पाणसळ हातीं आली. दहा फुटांस सव्वा इंचाऐवजीं अर्धा इंचच ढाळ निघाला तर वादास जागा उरत नाहीं, आणि कंत्राटदाराची अब्रूही चारचौघांत जात नाहीं. तक्रार कामाविरुद्ध असावी, माणसाविरुद्ध नसावी, याचें मर्म हेंच. ज्यास आपण चोर ठरविलें तो दुरुस्ती कशाला करील? ज्यास आपलें नांव राखण्याची वाट मोकळी ठेवली, तो पुष्कळदां ती धरतो. जें ठरेल तें त्याच बैठकींत कागदावर आणावें: कोणता भाग किती काढावयाचा, कोणता माल वापरावयाचा, खर्च कोणाचा, काम कधीं संपावयाचें, पाणी साठवून परीक्षा कशी घ्यावयाची, आणि नवी हमी किती वर्षांची. भर पावसांत गच्चीचें पक्कें काम होत नाहीं; तेव्हां तात्पुरती डागडुजी आतां आणि कायमची दुरुस्ती दिवाळीनंतर, असे दोन भाग स्पष्ट लिहावे.

कायद्याचें दार

इतकें करूनही दाद लागली नाहीं, तर कायद्याचें दार ठोठावण्यांत संकोच मानूं नये. भारतीय करार अधिनियम सन १८७२ चा. त्याच्या ७३ व्या कलमाखालीं दिलेल्या उदाहरणांत हेंच प्रकरण आहे: एकानें पैसे आगाऊ घेऊन दुसऱ्याच्या घराची दुरुस्ती केली, पण करारांत ठरल्याप्रमाणें केली नाहीं, तर तें काम करारानुरूप करून घेण्यास येणारा खर्च मालकास वसूल करतां येतो. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाचा लेखी अंदाज जवळ असणें अगत्याचें आहे.

ग्राहकांचें संरक्षण करणारा कायदा सन १९८६ मध्यें झाला. ग्राहक चळवळीनें महाराष्ट्रांत त्यापूर्वींच मूळ धरलें होतें. ग्राहक पंचायतीचें काम बिंदुमाधव जोशी यांनीं सन १९७४ मध्यें पुण्यांत सुरू केलें. घरबांधणी ही कायद्याच्या अर्थानें ‘सेवा’ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत सन १९९३ मध्यें दिला. सन २०१९ च्या नव्या अधिनियमाप्रमाणें आपण जेथें राहतों तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार नेतां येते. कामासाठीं दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर हा आयोग चालतो, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क पडत नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. तक्रार मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत गेली पाहिजे. ‘उद्यां माणूस पाठवितों’ या उत्तरावर विसंबून ही मुदत घालवूं नये.

सदनिका बांधकाम-व्यावसायिकाकडून विकत घेतली असेल तर आणखी एक आधार आहे. स्थावर संपदेसंबंधीच्या सन २०१६ च्या अधिनियमाच्या १४ व्या कलमाप्रमाणें, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आंत बांधकामांतील अथवा कारागिरींतील दोष नजरेस आणल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणें हें विक्रेत्याचें कर्तव्य आहे. त्याची दाद ‘महारेरा’ या प्राधिकरणाकडे मागावी. स्वतःच्या जागेवर स्वतः कंत्राटदार नेमून बांधलेल्या घरास मात्र हा कायदा लागू नाहीं; त्यासाठीं ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय हेंच दार. हा भेद न कळल्यामुळें पुष्कळांचीं वर्षें चुकीच्या कचेरींत जातात.

तथापि निकालपत्रानें गच्ची गळावयाची थांबत नाहीं, ती गवंड्याच्या थापीनेंच थांबते, हें विसरूं नये. म्हणून आयोगापुढें प्रकरण गेल्यावरही मध्यस्थीची सूचना आली तर ती झिडकारूं नये. आणि कंत्राटदारानें चूक पदरांत घेऊन काम नीट करून दिलें, तर जितक्या काटेकोरपणें तक्रार लिहिली तितक्याच मोकळ्या मनानें ‘काम समाधानकारक झालें’ असेंही लिहून द्यावें, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगावें. वाईट कामाची चर्चा आपण गांवभर करतों. दुरुस्त केलेल्या कामाची कोणी करीत नाहीं. ती होऊं लागली तर चांगल्या कारागिरास मान मिळेल, आणि पुढच्या घरीं ढाळ मोजावयाची पाळी कदाचित् येणार नाहीं.