९४५ टन वारा, अर्धं युनिट वीज

मुंबईत देवनारमधल्या एखाद्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, दोन मीटर व्यासाची पवनचक्की बसवली आहे असं समजा. वारा सरासरी सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी साधारण अकरा किलोमीटर. पानं सळसळतात, दोरीवरची साडी हलत राहते, तेवढा. या वेगाने पात्यांच्या गोलातून दर सेकंदाला सुमारे साडेनऊ घनमीटर हवा जाते. हवेला वजन असतं हे शाळेत शिकून आपण विसरलेले असतो. मुंबईच्या उष्ण हवेचं एक घनमीटर भरतं एक किलो १६० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सेकंदाला अकरा किलो हवा, आणि चोवीस तासांत ९४५ टन.

एवढ्या हवेतून वीज मिळते अर्धं युनिट. फार तर त्याहून किंचित जास्त.

आकडा चुकलेला नाही. कुठलीही वस्तू उंचावरून सोडली तर तीन मीटरचा वेग तिला जेमतेम दीड फूट खाली येतानाच मिळतो. म्हणजे ९४५ टन खरे, पण दीड फुटावरून पडलेले. वाऱ्याचं वजन अफाट असतं, जोर मात्र वेगात असतो.

आणि वेगाचा हिशेब मोठा विचित्र आहे. वारा दुप्पट वेगाने वाहू लागला की पात्यांतून हवा दुप्पट जाते, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा असते. दोन गुणिले चार, म्हणून आठपट. आपल्या दोन मीटरच्या गोलातून तीन मीटर वेगाचा वारा जातो तेव्हा त्यात ४९ वॅट असतात. सहा मीटर वेगाला ३९४ वॅट. बारा मीटरला सुमारे ३,१५०. वेग चौपट, शक्ती चौसष्टपट. त्यातलंही सगळं हाती लागत नाही. पात्यांनी वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा तिथेच थांबेल आणि मागच्या हवेला वाट उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी ही कमाल मर्यादा गणिताने काढली: २७ पैकी १६ भाग, म्हणजे ५९.३ टक्के. गच्चीवरच्या छोट्या यंत्राला पाव हिस्सा मिळाला तरी पुष्कळ.

अशा यंत्रावरच्या ‘एक किलोवॅट’ या पाटीचं रहस्य इथे आहे. तो किलोवॅट मिळतो सेकंदाला बारा मीटरच्या वाऱ्यात, ताशी ४३ किलोमीटरला. त्या वाऱ्यात छत्री उघडायची हिंमत होत नाही. देवनारला असा वारा वर्षातून किती तास वाहतो हे तिथे राहणाऱ्यांनीच आठवून पाहावं. पाटी खोटी नसते, पण ती आपल्या गच्चीसाठी लिहिलेली नसते.

आता वर्षाचा हिशेब. वारा एकसारखा वाहत नाही, आणि घनाच्या नियमामुळे जोराचे झोत सरासरी वर ओढतात. ते धरून तीन मीटर सरासरीच्या वाऱ्यात ९४ वॅट निघतात. त्याचा पाव भाग म्हणजे २४ वॅटच्या आत, वर्षाला सुमारे २०० युनिट. बाजारातला कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखाही पूर्ण वेगात २८ ते ३० वॅट घेतो, जुना पंखा ७५. म्हणजे गच्चीवर लाखभर रुपये खर्चून बसवलेला पंखा घरातला एक पंखासुद्धा अखंड फिरवू शकत नाही.

हाच २४ वॅटचा आकडा घेऊन सगळ्या मुंबईकडे बघा. मे २०२४ च्या उकाड्यात शहराची विजेची मागणी ४,३०० मेगावॅटच्या वर गेली होती. ती अशा पवनचक्क्यांनी भागवायची तर सुमारे १७ कोटी ९० लाख यंत्रं लागतील. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती १ कोटी २४ लाख. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत माणशी चौदा पवनचक्क्या. एकीने दमवलेला वारा दुसरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून दोघींत दहा मीटर अंतर ठेवलं, तर जागा लागेल १७,९०० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०३. मग अख्खा रायगड, अख्खी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा निम्मा भाग पात्यांनी भरून टाकावा लागेल. आंब्याच्या बागांसह.

देवनारचा विषय निघाला की कचरा टाळता येत नाही. १९२७ पासून तिथे मुंबईचा कचरा पडतो आहे. त्याच जागी रोज ६०० टन कचरा जाळून ४ मेगावॅट वीज करण्याचा प्रकल्प महापालिकेने आखला. पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला ९६,००० युनिट. ६०० टन कचऱ्यातून ९६,०००, ९४५ टन वाऱ्यातून अर्धं! एक टन कचरा आणि एक टन देवनारचा वारा यांच्यात अडीच लाख पटींहून जास्त फरक आहे. (धुराचा हिशेब वेगळा मांडावा लागेल, आणि तो शेजारच्या गोवंडीच्या लोकांकडून घ्यावा.) गंमत अशी, की या भागात आडोशाशिवाय वारा मिळेल अशी मोकळी उंची मिळते ती कचऱ्याच्या त्या डोंगरांवरच. पण भुसभुशीत, मिथेन सोडणाऱ्या, आणि आता हटवल्या जाणाऱ्या ढिगावर मास्ट कोण रोवणार?

आतापर्यंत मी तीन मीटर हा वेग उदार मनाने धरला. प्रत्यक्षात समुद्राकडून येणारा वारा देवनारला पोचेपर्यंत वांद्रे, कुर्ला, चेंबूरच्या इमारतींना धडकत आलेला असतो. पवनचक्की बसवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: दीडशे मीटरच्या परिसरातल्या सर्वात उंच अडथळ्यापेक्षा पात्यांचं खालचं टोक नऊ-दहा मीटर वर हवं. शेजारी पुनर्विकासातून वीस मजली टॉवर उभा राहिला असेल, तर चार मजली इमारतीच्या गच्चीवर साठ मीटरचा खांब लागेल. शिवाय सपाट गच्चीच्या कडेला वारा फाटतो, भोवरे होतात. पाती भिरभिरतात, दिशा बदलतात, दमतात, वीज मात्र होत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय छान फिरते आहे!

कागदावरच्या या हिशेबाला प्रत्यक्ष मोजणीचाही आधार आहे. ब्रिटनमध्ये २००७ ते २००९ या काळात ‘वॉरिक विंड ट्रायल्स’ नावाच्या चाचणीत इमारतींवरच्या २६ छोट्या पवनचक्क्या मोजल्या गेल्या. बंद पडलेला काळ धरून दर यंत्रामागे सरासरी दिवसाला २१४ वॅट-तास, म्हणजे पाव युनिटही नाही. बंद काळ वगळला तर ६२८. सर्वात वाईट जागी वर्षाला १५ युनिट निघाले. यंत्रातले इलेक्ट्रॉनिक्स त्याहून जास्त वीज खात होते. हे सगळं आपल्यापेक्षा जास्त वाऱ्याच्या देशात.

आता पावसाळा. इथे पवनचक्कीची बाजू थोडी उजवी आहे आणि ती लपवायचं कारण नाही. जुलैत एखाद्या खरोखर उघड्या गच्चीवर पाच मीटरचा वारा मिळाला, तर हेच यंत्र दिवसाला दोन युनिटच्या आसपास देऊ शकतं. ढगाळ दिवसात एक किलोवॅटचं सौर पॅनेलही साधारण तेवढंच देतं. पण उरलेल्या आठ महिन्यांचं काय? आणि याच मोसमाच्या तोंडावर घनाचा नियम उलटा फिरतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. आपल्या रोजच्या अकरा किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा त्यात जवळपास बाराशे पट शक्ती होती. पाती फिरत राहिली तर त्या छोट्या गोलावर दीडशे किलोहून जास्त रेटा येतो, तोही खांबाच्या टोकाला, तीस-चाळीस वर्षं जुन्या स्लॅबवर. देवनारपासून जवळच, घाटकोपरच्या छेडानगरला, १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. पवनचक्की त्या मानाने चिमुकली, पण ती उभी असते लोकांच्या डोक्यावर.

वाऱ्याची वीज हा कारभार मुळातच मोठ्या आकाराचा आहे. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर, सुमारे ११५० मीटर उंचीवर, कोयनेच्या खोऱ्यातून चढून येणारा वारा शेकडो यंत्रं फिरवतो. एकूण क्षमता २५९ मेगावॅट.   पुण्याच्या सुझलॉनचं १४४ मीटर व्यासाचं यंत्र घ्या. त्याची पाती आकाशात चार एकरांचा गोल कापतात. ३.१५ मेगावॅटच्या त्या यंत्राने वर्षभर सरासरी ३० टक्के क्षमतेने काम केलं, तर ते एकटं देवनारच्या सुमारे ४०,००० गच्च्यांच्या बरोबरीचं. छोट्या पवनचक्क्या आणि सौर-पवन संचांसाठी केंद्र सरकारने बरीच वर्षं अनुदान दिलं, आपल्याकडे राज्याच्या महाऊर्जा संस्थेमार्फत. अख्ख्या देशात मिळून त्यांची क्षमता चार मेगावॅटपर्यंतही पोचली नाही. मोठ्या पवनचक्क्यांनी २०२५ मध्ये ५०,००० मेगावॅट ओलांडले. लोकांनी आपला निर्णय केव्हाच दिला आहे.

राहिला पैशांचा हिशेब. वर्षाला २०० युनिट, दहा रुपये दराने दोन हजार रुपये. यंत्र, मास्ट, इन्व्हर्टर, चौथरा मिळून एक लाख धरले तर वसुलीला पन्नास वर्षं. खाऱ्या हवेत बेअरिंग त्याच्या निम्मा काळही टिकणार नाहीत. आणि हा खर्च करणारा घरमालक म्हणजे कोण? आपल्याकडे गच्ची सोसायटीची असते. चाळीस घरांच्या सोसायटीने चार पवनचक्क्या बसवल्या तर घरटी वर्षाला वीस युनिट येतील. दोनशे रुपये! त्यासाठी सर्वसाधारण सभा, स्ट्रक्चरल ऑडिट आणि वरच्या मजल्याच्या घरघरीच्या तक्रारी.

त्याच गच्चीवर एक किलोवॅटचं सौर पॅनेल शंभर चौरस फुटांत बसतं, वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिट देतं, आणि त्यात फिरणारा, गंजून अडकणारा एकही भाग नसतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत स्वतःच्या छताच्या तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००.

तेव्हा देवनारच्या गच्चीवर पवनचक्की बसवू नका. ज्याचं घर सह्याद्रीच्या उघड्या माथ्यावर आहे आणि जिथे विजेची तार पोचलेली नाही, त्याने जरूर विचार करावा, पण आधी वर्षभर वारा मोजून. आणि तरीही कुणी विकायला आलाच, तर त्याला एवढंच विचारा: हा एक किलोवॅट किती वाऱ्याला मिळतो, आणि तीन मीटरच्या वाऱ्याला किती वॅट? दुसरा आकडा लेखी मागून घ्या.