शकुंतलेची धाकटी बहीण

‘शकुंतला’ म्हटलं की मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर आठवतं. पण बॉस, तिला एक धाकटी बहीणही होती. पुलगाव-आर्वी! अवघे ३५ किलोमीटर, रूळ जेमतेम अडीच फूट रुंद. आमच्या कौंडण्यपूरहून, म्हणजे थेट रुक्मिणीच्या माहेरून, वर्धा नदी ओलांडली की आर्वी.

आम्हा पोरांना खरं वेड मालडब्यांचं. कापसाच्या गठाणी लादलेली ती गाडी इतकी सावकाश जायची की डबे दोनदा मोजून व्हायचे.

हा सगळा थाट किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात, तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत. १९५१ मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली.

गाडी मेली कशाने? पुलगावला मोठी लाइन लागते. अडीच फुटी डबा त्यावर चालणार कसा? सगळा माल उतरवायचा, मोठ्या वाघिणीत पुन्हा भरायचा. वेळ गेला, हमाली वेगळी. ट्रक मात्र जिनिंगमधून निघतो तो थेट गिरणीच्या दारात. हिशेब साधा होता.

फक्त एक गोष्ट त्या हिशेबात धरलीच नाही. गठाणींच्या त्याच गाडीला माणसांचेही डबे असायचे. आर्वीच्या बाजाराला निघालेली म्हातारी टोपलीसकट चार पैशांत पोचायची. ट्रक गठाणी नेतो, म्हातारीला नाही.