शेवटचा निकाल किती शेवटचा?

मंडळी, नांदेड किंवा लातूरच्या सत्र न्यायालयात एखाद्याला जन्मठेप झाली, तर त्याला पुढे किती दारं ठोठावता येतात? आधी औरंगाबाद खंडपीठात अपील. मग परवानगी मिळाली तर सर्वोच्च न्यायालय. तिथंही हरला, तर 30 दिवसांत पुनर्विलोकन अर्ज, तोही एकदाच. आणि बहुतेक वेळा न्यायमूर्ती तो वकिलांचं तोंडी म्हणणं न ऐकता दालनातच निकाली काढतात. 2002 च्या रूपा हुर्रा निकालानं क्युरेटिव्ह याचिकेची एक छोटी खिडकी उघडली. पण तिला ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं आणि याचिका निराधार ठरली तर भुर्दंड बसू शकतो.

एवढा हात आखडता का? खटला कधीच संपणार नसेल, तर ज्यांचं माणूस गेलं त्यांनाही सुटका नाही. साक्षीदार थकतात, इतरांची प्रकरणं खोळंबतात. पूर्णविराम हवाच, हे आपण मान्य करू.

पण पूर्णविराम दिल्यानं वाक्य खरं ठरत नाही. नाशिकजवळचा 2003 चा दरोडा, खून आणि बलात्काराचा खटला बघा. भटक्या जमातीतले सहा जण आरोपी. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांची फाशी कायम केली किंवा नव्यानं सुनावली. पुनर्विलोकनही फेटाळलं. नियमानं विषय संपला.

मात्र 2014 मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका प्रकरणात ठरवलं, की फाशीच्या कैद्याचं पुनर्विलोकन खुल्या न्यायालयात ऐकायचं. आधी फेटाळलेले काही अर्जही पुन्हा उघडता येतील. त्या वाटेनं हे सहा जण परत आले. कागद पुन्हा वाचले गेले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसरेच चौघे ओळखले होते! 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष सुटले. सरकारनं प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यावी, असाही आदेश झाला.

आता बघा, यात नवा पुरावा काहीच नव्हता. तो कागद पहिल्यापासून होताच. म्हणून आम्हाला वाटतं, कैदी कितव्यांदा आला हे मोजण्याआधी, तो एकदा तरी नीट ऐकला गेला का, हे विचारावं. ज्याला चांगला वकील परवडतो, त्याचं ऐकणं पहिल्याच फेरीत होतं. बाकीच्यांची भिस्त विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलावर. तो वकील सत्र न्यायालयातच फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचेल, तर पुढची दारं कमी असली तरी चालतील.